देवगिरीचे देशी ताल व पॅरिसचें नवसंगीत

१. प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. विसाव्या शतकांत युरोपांतील संगीत मुळापासून बदललें. जुनी स्वरसंगति सुटली, तालाचें ठराविक मापन सुटलें, पुढें वाद्येंहि सुटलीं आणि यंत्रांतून निघणारा ध्वनि हेंच कांहीं रचनांचें द्रव्य झालें. हा सर्व पालट पॅरिस, व्हिएन्ना, कोलोन, न्यूयॉर्क अशा नगरांत घडला. पोथ्या जमविणाऱ्या मंडळींचा त्याच्याशीं संबंध काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. परंतु या पालटाचा एक धागा मागें मागें नेत गेल्यास तो एका संस्कृत ग्रंथाच्या पांचव्या अध्यायापाशीं येऊन पोंचतो. आणि तो ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या एका श्रीकरणाधिकाऱ्यानें रचलेला आहे. हा धागा कसा गेला, वाटेंत त्याचें काय टिकलें व काय गळलें, आणि त्यापासून संग्राहकांनीं कोणता बोध घ्यावा, इतकेंच येथें सांगावयाचें योजिलें आहे.

२. शार्ङ्गदेवाचें कुल मूळचें काश्मीरचें. त्याचा आजा भास्कर हा दक्षिणेंत आला, बाप सोढल हा यादव भिल्लम व सिंघण यांच्या सेवेंत होता, आणि खुद्द शार्ङ्गदेव हा सिंघणाच्या (इ. स. १२१० ते १२४७ चे सुमारास) दरबारीं हिशेबखात्याचा अधिकारी होता. ‘निःशंक’ असें बिरुद तो स्वतःस लावितो. देवगिरि, म्हणजेच दौलताबाद, येथें त्यानें ‘संगीतरत्नाकर’ हा सप्ताध्यायी ग्रंथ रचिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नर्तन असे त्याचे सात अध्याय. त्यावर सिंहभूपालाची ‘सुधाकर’ व विजयानगरच्या आश्रयास असलेल्या कल्लिनाथाची ‘कलानिधि’ अशा दोन टीका विशेष प्रसिद्ध आहेत.

तालाध्यायांत मार्गताल सांगून झाल्यावर शार्ङ्गदेव १२० देशी ताल गणतो. प्रत्येकाचें लक्षण श्लोकांत शब्दांनीं बांधलेलें असून त्याचें रूप चार मुख्य चिन्हांनीं दाखवितां येतें. द्रुताची अर्धी मात्रा, त्याचें चिन्ह वर्तुळ; लघूची एक मात्रा, चिन्ह उभी रेघ; गुरूच्या दोन मात्रा, चिन्ह अवग्रहासारखें; आणि प्लुताच्या तीन मात्रा, त्याच अवग्रहावर रेघ. यांखेरीज ‘विराम’ म्हणून एक बारीक खूण आहे. ती ज्या द्रुतावर पडते त्याचें मान निमपटीनें वाढतें. म्हणजे अर्ध्या मात्रेची पाऊण मात्रा होते. ही खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व कथा तिच्यावर उभी आहे.

३. रत्नाकराचा कांहीं भाग सुधाकर टीकेसह कलकत्त्यास १८७९ त छापला गेला. पुढें पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ त कल्लिनाथाच्या टीकेसह संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि दोन्ही टीकांसह अड्यारची आवृत्ति १९४३ पासून खंडशः निघाली. आनंदाश्रमाच्या आवृत्तीनंतर आमच्याकडील गायनशास्त्राच्या अभ्यासकांनीं रत्नाकर चाळला; परंतु त्यावरून प्रचलित रागांचा निर्णय होत नाहीं, असें पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचें मत पडलें. रागांची ही स्थिति, तर देशी तालांची त्याहून बिकट. आमच्या मैफलींत त्रिताल, एकताल, झपताल यांचें राज्य. पखवाजियांच्या परंपरेंत ब्रह्म, रुद्र, लक्ष्मी अशीं कांहीं जुनीं नांवें चालत आलीं खरीं, पण शार्ङ्गदेवाच्या एकशेंवीस तालांपैकीं बहुतेक केवळ ग्रंथांत उरले. ज्यास प्रयोग नाहीं त्या शास्त्राचा उपयोग काय, असेंच कोणासहि वाटलें असतें.

४. याच सुमारास फ्रान्सांत जोआनी ग्रोसे नांवाचे एक संस्कृतज्ञ भरताच्या नाट्यशास्त्रावर परिश्रम करीत होते. नाट्यशास्त्राच्या पहिल्या चौदा अध्यायांची त्यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १८९८ त प्रसिद्ध झाली. आल्बेर लाव्हिन्याक यांच्या संपादकत्वाखालीं पॅरिसच्या संगीतशाळेसाठीं जो थोर संगीतकोश निघाला, त्याच्या १९१३ च्या पहिल्या खंडांत हिंदुस्थानावरील लेख ग्रोसे यांनीं लिहिला व त्यांत शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांची तालिका युरोपीय स्वरलेखनाच्या चिन्हांत उतरवून दिली. तालिकेंत अनुक्रमांक, तालाचें नांव व मानें इतकेंच. टीका नाहीं, टाळ्या-खालीचा प्रयोग नाहीं, गायकाचा आवाज तर नाहींच.

योगायोग असा कीं, त्याच १९१३ सालीं, मे महिन्याच्या २९ तारखेस, पॅरिसमध्यें इगोर स्त्राव्हिन्स्की यांचें ‘वसंतविधि’ हें नृत्यसंगीत प्रथम वाजलें आणि त्यांतील विषम, तुटक लयीनें नाट्यगृहांत गोंधळ माजला. युरोपीय संगीतांत तोंवर लयीचें मापन समान घरांत पाडलेलें असे. दोन, तीन वा चार मात्रांचें घर, व तें ओळीनें पुनः पुनः. स्त्राव्हिन्स्कींनीं हीं घरें मोडलीं. दुसरीकडे व्हिएन्नांत आर्नोल्ड शोनबर्ग यांनीं १९०८ च्या सुमारास आधारस्वराचें बंधन टाकलें, व १९२३ च्या सुमारास सप्तकांतील बाराहि स्वरांस समान मान देऊन त्यांच्या एका ठरविलेल्या क्रमावर रचना बांधण्याची नवी पद्धति घातली. स्वराला याप्रमाणें नवा नियम मिळाला. लयीचें जुनें घर मात्र मोडलें तरी तिला नवें शास्त्र मिळालें नव्हतें. ही उणीव पुढें ज्यांनीं विशेषेंकरून भरून काढली, त्यांच्या हातीं लाव्हिन्याकचा कोश पडला.

५. ओलिव्हिए मेसियाँ यांचा जन्म १९०८ त आव्हिन्यों येथें झाला. अकराव्या वर्षीं ते पॅरिसच्या संगीतशाळेंत आले. १९३१ पासून तेथील त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक झाले व हें काम त्यांनीं १९९२ त मरेपर्यंत केलें. त्यांनीं ग्रोसे यांची तालिका एखाद्या वैयाकरणानें धातुपाठ घोकावा तशी घोकली. ख्रिस्तजन्मावरील त्यांच्या १९३५ च्या ऑर्गन-रचनेंत या अभ्यासाचे परिणाम दिसूं लागतात, आणि १९४४ त छापलेल्या आपल्या रचनापद्धतीवरील ग्रंथांत त्यांनीं शार्ङ्गदेवाचें ऋण नांव घेऊन मान्य केलें आहे. त्यांतहि त्यांनीं मुख्य आधार धरला तो तालिकेंतील ९३ व्या तालाचा. त्याचें नांव रागवर्धन.

रागवर्धनाचें रूप असें: द्रुत, सविराम द्रुत, द्रुत, प्लुत. मात्रेचे चार भाग कल्पिले तर हीं मानें २, ३, २, १२ अशीं पडतात. मेसियाँ यांनीं हा ताल उलटा वाचला: १२, २, ३, २. मग प्लुताचे तीन समान तुकडे केले: ४, ४, ४. आतां ४, ४, ४ यांची निमपट २, २, २ व्हावयास हवी. पण समोर उभे आहेत २, ३, २. मधल्या मानांत एक भाग अधिक आहे. तोच तो विराम. या एवढ्याशा अधिक भागांतून त्यांनीं तीन तत्त्वें काढलीं. पहिलें, कोणत्याहि सम लयींत एक लहानसें मान घालून तिला विषम करणें. दुसरें, लयीची वाढ वा घट नेमक्या पटींत न करितां किंचित् बिघडवून करणें. तिसरें, २, ३, २ यासारखी लय, जी पुढून व मागून सारखीच वाचली जाते. तिला त्यांनीं ‘उलटतां न येणारी लय’ असें नांव दिलें.

संस्कृत काव्याशीं परिचय असणाऱ्या वाचकांस या तिसऱ्या प्रकारांत आपलें ‘गतप्रत्यागत’ चित्रकाव्य दिसल्यावांचून राहणार नाहीं. भारवीच्या पंधराव्या व माघाच्या एकोणिसाव्या सर्गांत उलटसुलट सारखे वाचले जाणारे श्लोक आहेत. भेद इतकाच कीं, तेथें अक्षरें फिरतात व येथें काल फिरतो. अक्षरांचें परतणें डोळ्यांस दिसतें; काल मात्र मागें परततच नाहीं, आणि म्हणूनच मेसियाँ यांच्यासारख्या श्रद्धाळू ख्रिस्ती रचनाकारास अशा लयींत अनंतत्वाची खूण दिसली.

६. या तत्त्वांचा ठळक प्रयोग ज्या स्थळीं झाला तें स्थळ चमत्कारिक आहे. १९४० च्या जून महिन्यांत जर्मन सैन्यानें मेसियाँ यांस पकडलें व गोर्लिट्झ येथील युद्धकैद्यांच्या छावणींत ठेविलें. तेथें हातीं असलेल्या वादकांसाठीं, म्हणजे व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो व पियानो या चार वाद्यांसाठीं, त्यांनीं ‘कालाच्या अंतासाठीं चतुर्वाद्य’ या अर्थाच्या नांवाची रचना पुरी केली. व १५ जानेवारी १९४१ रोजीं कैदी व पहारेकरी यांच्यासमोर ती वाजली.

तिच्या पहिल्या भागांत पियानोचा लयबंध पाहावा. रागवर्धन (वर सांगितल्याप्रमाणें उलटून व प्लुताचे तीन तुकडे करून), चंद्रकला व लक्ष्मीश असे तीन देशी ताल एकापुढें एक जोडून १७ मानांची एक मालिका केली आहे, व ती अखंड फिरत राहते. तिच्यावर २९ स्वरसंघांची दुसरी मालिका बसविली आहे. १७ व २९ हे दोन्ही मूळ अंक. त्यांस समान विभाजक नाहीं. तेव्हां दोन्ही मालिका पुनः एकाच ठिकाणीं आरंभ होण्यास १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ स्वरसंघ वाजावे लागतील; आणि हा भाग त्याच्या फार पूर्वींच थांबतो. सिंघणाच्या दरबारीं नोंदलेले तीन ताल कडाक्याच्या हिवाळ्यांत कांटेरी तारेआड एका मोडक्या पियानोवर वाजावे, हा प्रकार कोणत्याहि बखरकारास सुचला नसता.

युद्धानंतर बोस्टनच्या वाद्यवृंदासाठीं १९४६ ते १९४८ या काळांत त्यांनीं दहा भागांची प्रचंड रचना केली; २ डिसेंबर १९४९ रोजीं लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या नेतृत्वाखालीं ती प्रथम वाजली. तिचें नांव ‘तुरंगलीला’. हें नांव तालिकेंतील ३३ व्या तालाचें. मेसियाँ यांनीं ‘तुरंग’ म्हणजे घोड्यासारखा धांवणारा काल व ‘लीला’ म्हणजे सृष्टीचा, जीवन-मरणाचा व प्रेमाचा खेळ, असा विस्तीर्ण अर्थ केला. शार्ङ्गदेवाच्या यादींत मात्र सिंहलील, गजलील, हंसलील यांच्याच पंक्तींत तुरंगलील बसतो. घोड्यासारखी लीला ज्याची तो, असा हा बहुव्रीहि. तालाच्या चालीस प्राण्याच्या गतीची उपमा दिली आहे, इतकाच त्याचा सरळ अर्थ. सामासिक नांव प्रवासांत असें फुगतें, हें भाषेच्या अभ्यासकांस नवें नाहीं.

७. आतां मुख्य प्रश्न. मेसियाँ यांनीं जें घेतलें तो ताल होता काय? आमच्या मतें नव्हता. शार्ङ्गदेवाच्या मतें ताल हें गीत, वाद्य व नृत्य या तिहींस धरून ठेवणारें मान आहे. सशब्द व निःशब्द क्रियांनीं, म्हणजे हाताच्या घातानें व हालचालीनें, तें दाखविलें जातें. त्या मानाच्या पोटांत गायकानें किती अक्षरें व किती स्वर भरावे हें निराळें. गुरु दोन मात्रांचा, याचा अर्थ तेथें दोन मात्रांचा एकच स्वर उभा राहतो असा नव्हे. मेसियाँ यांच्या हातीं मात्र तेंच मान स्वतः नाद झालें. माप हाच माल ठरला. शिवाय तालाचें जीवित आवर्तनांत. सम येते, गायक व वादक तेथें भेटतात, श्रोता मान डोलावतो. चतुर्वाद्यांत मालिका फिरते खरी, पण १७ व २९ यांची सम येतच नाहीं, व ती येऊं नये म्हणूनच ते अंक निवडले आहेत.

म्हणजे जें युरोपांत गेलें तें आमच्या प्रयोगापासून तुटलेलें, टीकेपासून तुटलेलें, केवळ संख्यांचें पत्रक होतें. यावरून ‘हें सारें आमच्याकडे पूर्वींच होतें’ असा जो उद्घोष कित्येकदां ऐकूं येतो त्यास आधार नाहीं. परंतु ‘परकीयानें आमच्या तालाचा विपर्यास केला’ हा उलट आक्षेपहि तितकाच उथळ आहे. कल्लिनाथाची टीका हातीं असलेल्या आमच्या पंडितांस रागवर्धनांतून नवें कांहीं काढावेंसें वाटलें नाहीं. तिच्यावांचून वाचणाऱ्यानें तें काढलें. टीकेचा अभाव हा त्यांच्या अर्थाचा दोष, पण त्यांच्या कल्पनेस ती मोकळीक ठरली. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, व इतिहासकारानें दोन्ही नोंदल्या पाहिजेत.

८. पुढील परंपरा थोडक्यांत सांगतों. मेसियाँ १९४१ पासून पॅरिसच्या संगीतशाळेंत अध्यापक होते व १९७८ त निवृत्त झाले. त्यांच्या वर्गांत ग्रीक छंद व देशी ताल यांचें विवेचन होत असे. पिएर बुलेझ, कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेन, यानिस झेनाकिस हे त्यांच्या वर्गांत बसलेले. १९४९ त जर्मनींतील डार्मश्टाट येथें असतां मेसियाँ यांनीं एक लहान पियानोरचना केली. तींत ३६ स्वर, २४ कालमानें, १२ आघातप्रकार व ७ बलमानें आधींच ठरवून दिलीं आहेत व प्रत्येक स्वरास त्याचें कालमान आणि बल कायमचें बांधून दिलें आहे. तिच्यांतीलच बारा स्वरांचा क्रम घेऊन बुलेझ यांनीं १९५१ त दोन पियानोंची रचना केली, व श्टोकहाउझेन यांनीं ती ध्वनिमुद्रिकेवर ऐकून आपली दिशा पालटली. शोनबर्ग यांनीं स्वरांस लाविलेला क्रमाचा नियम आतां काल, बल व आघात यांसहि लागला.

येथें प्रस्ताराची आठवण होणें अपरिहार्य आहे. शार्ङ्गदेव पहिल्या अध्यायांत सात स्वरांचे सर्व क्रम मोजून ५०४० ही संख्या देतो, व खंडमेरूच्या साहाय्यानें नष्ट आणि उद्दिष्ट काढण्याची रीति सांगतो. तालाध्यायांतहि प्रस्ताराचें असेंच गणित आहे. बारा स्वरांचे क्रम याच हिशेबानें ४७,९०,०१,६०० होतात. मेसियाँ यांनीं १९६० च्या ‘क्रोनोक्रोमी’ या रचनेंत ३२ कालमानांचे क्रम फिरविले. सर्व क्रम लिहिणें मनुष्याच्या आटोक्याबाहेरचें असल्यानें एका ठराविक रीतीनें त्यांतून ३६ च निवडले. हें साम्य बुद्धीच्या प्रवृत्तीचें आहे. रागवर्धनाचें ऋण जसें लेखी पुराव्यानें सिद्ध आहे तसें प्रस्ताराचें मानूं नये.

९. शतकाच्या उत्तरार्धांत वाट बदलली. १९४८ त पॅरिसच्या नभोवाणींत पिएर शेफेर यांनीं आगगाडी व इतर वस्तूंच्या ध्वनिमुद्रणांतून रचना बांधल्या. १९५२ त खुद्द मेसियाँ यांनींहि ध्वनिफितीवर एक रचना केली, पण पुढें ते त्या मार्गानें गेले नाहींत. दुसरीकडे हिंदुस्थानचें संगीत ग्रंथाऐवजीं गुरुमुखानें जाऊं लागलें. १९४६ त अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कास गेल्या असतां त्यांनीं जॉन केज यांस आमच्या संगीताचें प्रयोजन सांगितलें व त्यांजकडून पाश्चात्य स्वररचना शिकून घेतली. १९४६ ते १९४८ च्या पियानोरचनांत केज यांनीं रसकल्पना आधारास घेतली, आणि १९५२ त ज्या रचनेंत वादक एकहि स्वर वाजवीत नाहीं ती पुढें आणली. १९६० नंतर फिलिप ग्लास यांनीं पॅरिसमध्यें रविशंकर व अल्लारखां यांच्या सहवासांत मात्रा जोडीत जाणारी लय ऐकली. १९७० पासून किराना घराण्याचे प्राणनाथ यांजपाशीं ला माँट यंग व टेरी राइली या अमेरिकनांनीं शिष्यत्व पत्करलें. अब्दुल करीमखांमुळें मिरजेंत रुजलेलें हें घराणें महाराष्ट्रीय श्रोत्यांस घरचेंच आहे. ग्रंथानें संख्या दिल्या. गुरूनें नाद, धीर व श्रुति दिल्या. दोन्ही वाटा भिन्न, व दोहोंचीं फळेंहि भिन्न.

१०. आतां संग्राहकांविषयीं. वर सांगितलेली सारी कथा रागवर्धनाच्या दुसऱ्या द्रुतावरील एका बारीक खुणेवर उभी आहे. ती खूण नसती तर २, ३, २ ऐवजीं २, २, २ असें निर्जीव रूप ग्रोसे यांच्या तालिकेंत उतरलें असतें. अधिक मान, बिघडविलेली घट व मध्यभागीं वजन घेणारी ती लय, यांपैकीं कांहींच त्यांतून निघालें नसतें. आणि पोथ्यांचा परिचय असणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे कीं, लेखकाच्या हातून प्रथम गळतें तें असेंच कांहीं. अनुस्वार, रेफ, अवग्रह यांची जी दशा होते तीच विरामाची. शब्दांतील चूक संदर्भावरून सांवरतां येते. संख्येस संदर्भ नसतो. सुदैवानें शार्ङ्गदेवानें लक्षण श्लोकांत बांधलें असल्यामुळें चिन्ह गळलें तरी शब्दावरून तें पडताळतां येतें. वृत्त हेंच त्याचें रक्षण.

यास्तव ज्यांच्या संग्रहीं संगीतरत्नाकराच्या, किंवा तालविषयक कोणत्याहि लहानमोठ्या ग्रंथाच्या पोथ्या असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, नकल करितांना वा छायाचित्र घेतांना श्लोकांप्रमाणेंच चिन्हांकडेहि सारखें लक्ष द्यावें. शुद्ध करण्याच्या भरांत चिन्हें श्लोकास जुळवून घेऊं नयेत. जशीं आहेत तशीं ठेवावीं, व भेद असल्यास समासांत नोंदावा. वर्णनसूचींत ‘तालाध्याय, अपूर्ण, निरुपयोगी’ अशा शेऱ्यानें संभावना झालेल्या पोथ्या पुनः एकदां बाहेर काढाव्या. निरुपयोगी कोणती हें ठरविण्याचा अधिकार ती बांधून ठेवणारास नसतो. शार्ङ्गदेवानें हे ताल लिहिले त्यास सातशें वर्षें होत आलीं असतां ते गोर्लिट्झच्या छावणींत वाजले. आणि मधल्या काळांत त्यांस वाजविणारे नव्हते तरी लिहून ठेवणारे होते, म्हणूनच हें घडलें.